मूकपट सुचवणारी बाई

घरी बसून कोणते मूकपट पाहावेत, असं कुणी विचारलं की मी लगेच सांगते. तुम्हाला हा नाद लागला कसा, असं विचारलं की मात्र मी जे सांगते ते पुरतं खरं नसतं. अर्धं असतं. उरलेलं अर्धं मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मुलीजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा ते वाक्य मी पुरं होऊ देत नाही.

यवतमाळच्या आमच्या कॉलनीत मला आता 'मूकपटवाल्या काकू' म्हणतात. महिला मंडळात माझं एक भाषणही झालं. परवा एका रविवार पुरवणीतून फोन आला, 'काकू, घरच्या घरी पाहण्याजोग्या मूकपटांवर लिहून द्या ना.' हो म्हणाले. त्यासाठीच लिहायला बसले होते. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला, आणि मग हे लिहायला लागले. हे त्यांना पाठवणार नाही. तुम्हाला सांगते.

आधी तो पहिला परिच्छेद ऐका. तो तरी खोटा नाही.

मूकपट दुपारी पाहावेत. जेवणं उरकली, पडदे ओढले, कूलर लावला, की मग. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. पहिली काही मिनिटं कंटाळा येईल, येऊ द्यावा. आपल्याला कानांनी सिनेमा पाहायची सवय झालेली असते, भाजी निवडता निवडता आपण मालिका 'पाहतो' ना, तशी. इथे ते चालत नाही. खाली पाहिलं की संपलं. माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहावं लागतं. आणि एकदा तसं पाहायला लागलं की लक्षात येतं, माणसाला जे सांगायचं असतं ते ओठ हलायच्या आधीच चेहऱ्यावर येऊन गेलेलं असतं.

सुरुवात विनोदी चित्रपटाने करावी. माझा आवडता एक आहे. एक काटकुळा माणूस लग्नासाठी पलंग विकत घेतो आणि तो डोक्यावर घेऊन भर शहरातून घरी निघतो. बस, एवढंच. वाटेत एक दारू प्यालेला शिपाई त्या पलंगावर झोपतो, तोही पलंगासकट घरी येतो. मी हसून हसून बेजार झाले होते. नावं मला सांगता येत नाहीत नीट—कुठल्या कुठल्या देशांतले, पडद्यावरच्या पाट्याही कधी जर्मन, कधी इंग्रजी. दुसरा सांगते तो एका पाववाल्याचा. तो बायकोला टाकून शहरात जातो, धुळीला मिळतो आणि म्हातारपणी परत तिच्या दारात येऊन उभा राहतो. त्या दाराशी माझं एक काम आहे, त्याच्यावर नंतर येते.

तर, हा नाद मला लागला तो आमच्या यांच्यामुळे. हे मी सगळ्यांना सांगते आणि हे खरं आहे.

हे वकील होते. मूळचे बाभुळगावचे, पण सगळी वकिली यवतमाळच्या कोर्टात झाली. सकाळी आमच्या व्हरांड्यात पक्षकार बसलेले असायचे. आवाज असा की गेटपाशी उभ्या माणसाला आत काय चाललंय ते कळावं. बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत. लोक म्हणायचे, वकीलसाहेब बोलायला लागले की समोरचा वकील फायली आवरायला घेतो. मलाही त्याचा अभिमान होता—खोटं कशाला बोलू? लग्नानंतर पुष्कळ दिवस होता.

पण त्या बोलण्याची एक सवय असते. ती कोर्टातून घरी येते आणि बूट काढले तरी निघत नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. एकदा पाहुण्यांपुढे एक इंग्रजी शब्द चुकीचा उच्चारला, तर यांनी तो दोनदा माझ्यासारखा म्हणून दाखवला. सगळे हसले. मीही हसले. हसायचंच असतं ना आपण? मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती तेव्हा मी एवढंच म्हणाले, "तिला नोकरी करू द्याल ना?" हे माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू मधी बोलू नको. तुले काय समजते यातलं?" आणि पुढे त्यांनी तेच विचारलं. तोच प्रश्न, माझाच. व्याह्यांनी मान डोलावली, "वकीलसाहेबांचा मुद्दा बरोबर आहे."

मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. एवढंच. मी वाक्य सुरू करायची, हे ते संपवायचे, आणि माझ्या मनात होतं त्यापेक्षा वेगळंच संपवायचे. हळूहळू मी सुरू करणं सोडलं. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. कृपा करून तसं घेऊ नका. जे पुढे झालं ते या सगळ्याच्या पलीकडचं आहे, आणि ते मी केलं.

मग यांना लकवा मारला.

सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, शब्द डोक्यात असतात, पण तोंडापर्यंत यायची वाट बंद झाली आहे. वाचताही येत नव्हतं, अक्षरं दिसायची पण लागायची नाहीत. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी यांना व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. जुने पक्षकार भेटायला आले होते. हे तोंड उघडायचे आणि नुसता 'अ… अ…' असा आवाज यायचा. मी पदर तोंडाला लावून आत गेले. सगळ्यांना वाटलं रडायला गेले. रडतच होते. तेव्हा खरंच रडत होते.

आमची एकच मुलगी, रश्मी. पुण्याला असते. तिने महिनाभर सुट्टी काढली, सगळी सोय लावून दिली. सकाळी एक माणूस आंघोळ-मालिशीला, हॉलमध्ये इंटरनेटवाला मोठा टीव्ही, आणि बोलणं शिकवायला प्राची मॅडम. प्राची म्हणजे आमच्याच यवतमाळची पोरगी, नागपूरला शिकून आलेली. स्कूटीवर यायची. चित्रांची कार्डं आणायची—गाय, घर, पाणी, चावी. मोठ्या वकिलासमोर गायीचं चित्र धरताना आधी तिलाच कसंनुसं व्हायचं. पण चिकाटीची होती. मला तिने पहिल्याच दिवशी नीट समजावलं.

"काकू, खरं काम तुमचं आहे. मी आठवड्यातून दोनदा येईन, तुम्ही चोवीस तास आहे. काकाले तहान लागली की लगेच ग्लास देऊन टाकू नका. थांबा. 'पा' तरी निघू द्या तोंडातून. आणि त्यांच्यासंगं बोलत राहा. टीव्ही कमी. सुरुवातीचे महिने लई महत्त्वाचे असतात, नंतर कठीण जाते."

मी मान हलवली. आणि सुरुवातीला केलंही. ग्लास हातात घेऊन थांबायची. यांचा चेहरा लाल व्हायचा, मानेच्या शिरा ताणायच्या, ओठ मिटायचे, उघडायचे—आणि एक दिवस "पा" निघालं. प्राचीने टाळ्या वाजवल्या. मी रश्मीला फोन केला, ती तिकडे रडली. खरंच सांगते, त्या दिवशी मला आनंद झाला.

मग तो आनंद कधी गेला? मला नेमकं सांगता येत नाही. एवढं आठवतं की एका सकाळी मी कणीक मळता मळता गाणं गुणगुणत होते आणि एकदम थांबले. कारण अशा वेळी हॉलमधून ओरडणं यायचं, "काय चालू आहे तुझं?" ते आलं नाही. मी पुन्हा गुणगुणले. नाही आलं. शेजारच्या मंदाताई आल्या, आम्ही दोघी हॉलमध्येच बसून तासभर बोललो, मोठ्याने हसलो. कुणी मध्ये बोललं नाही. त्या जाताना म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही इतक्या बोलता हे मले माहीतच नव्हतं."

मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर मी ग्लास हातात घेऊन थांबायची तेव्हा यांच्या ओठांकडे पाहायची आणि मनात म्हणायची—आता नको. आज नको निघू दे. आणि लगेच पाणी देऊन टाकायची. बाहेरून ते काय दिसत होतं? माया. बायकोला नवऱ्याची तहान पाहवत नाही.

मूकपट त्याच सुमारास सुरू झाले. बातम्या लावल्या की हे अस्वस्थ व्हायचे, लोक तावातावाने बोलताहेत आणि आपल्याला बोलता येत नाही म्हणून असेल. मालिकांचा तिटकारा होताच. एका दुपारी टीव्हीवर काहीतरी शोधताना आपोआप तो पलंगवाला चित्रपट लागला. काळापांढरा, मागे नुसता पियानो. मी बंद करणार, तेवढ्यात यांच्या घशातून आवाज आला. पाहते तर हसत होते! अर्ध्या तोंडाने, पण हसत होते. तिथे कुणीच बोलत नव्हतं, म्हणून हेही कुणापेक्षा कमी नव्हते. मी बाजूला बसले, आम्ही दोघं शेवटपर्यंत हसलो. लग्नाच्या इतक्या वर्षांत एकाच गोष्टीवर एकाच वेळी हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

इथवर मी लोकांना सांगते. इथे ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. इथे मी थांबते.

पुढचं असं आहे. दुसऱ्या दिवशी मी दोन चित्रपट लावले. मग सकाळी आंघोळ झाली की एक, दुपारी जेवणानंतर एक, चहा झाला की एक. कार्डं आधी टीपॉयवर होती, ती कपाटावर गेली. प्राची विचारायची, "काकू, प्रॅक्टिस रोज होऊन राह्यली ना?" मी म्हणायची, "रोज गं. सकाळ-संध्याकाळ." ती यांच्याकडे पाहायची आणि चक्रावायची. "इतका छान 'पा' निघालता. मग थांबलं काहून?" हे माझ्याकडे पाहायचे. यांना सगळं समजत होतं, हे विसरू नका. ही बाई खोटं बोलते आहे हे यांना समजत होतं, आणि यांना ते सांगता येत नव्हतं. जन्मभर साक्षीदारांचं खोटं उघडं पाडणारा माणूस.

मला वाईट वाटायचं का? तुम्ही विचाराल म्हणून सांगते. थोडं वाटायचं. पण त्याहून जास्त, हलकं वाटायचं.

आणि चित्रपट तर मला खरोखरच आवडायला लागले. त्यांच्या पाट्या असतात ना, मध्ये मध्ये, कोण काय म्हणालं ते लिहिलेलं. यांना वाचता येत नव्हतं. म्हणून मी वाचायची, इंग्रजीतून मराठीत, मोठ्याने. यांनी ज्या इंग्रजीची टर उडवली तीच. आता माझ्या तोंडून येईल तेव्हाच यांना कळणार होतं कोण काय म्हणालं. सुरुवातीला मी अगदी नेमकं सांगायची. मग थोडं इकडचं तिकडे करायला लागले.

त्या पाववाल्याच्या चित्रपटात शेवटी तो म्हातारा होऊन दारात उभा राहतो. बायको दार उघडते. पाटी येते, 'आत ये. जेवण गरम आहे.' मी वाचलं, "आता उशीर झाला. इथे तुझी कुणी वाट पाहत नाही."

हे पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर ती बाई बाजूला झाली. तो आत आला. तिने त्याला टेबलाशी बसवलं, त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि त्याचा ओला कोट घेऊन चुलीजवळ वाळत घातला. शब्द मी बदलले, पण चित्र कुठून बदलू? यांनी हळूच मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला चाललं असतं, रागाची मला सवय होती. नुसतं पाहिलं. मी उठले आणि चहा ठेवायला गेले.

पुढे प्राचीने नागपूरचं सुचवलं. तिथे एका ठिकाणी काही आठवडे राहून रोज सराव करून घेतात. रश्मी तर लगेच तयार झाली. "आई, मी रजा काढते, मी राहते बाबांसोबत." मी म्हणाले, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. रश्मी म्हणाली, "मग मी बोलू का त्यांच्याशी?" मी म्हणाले, "तुला आईवर विश्वास नाही का?" तिने नाही केला फोन. एवढं सोपं होतं. त्यानंतर काही दिवसांनी मी प्राचीलाही थांबवलं. "काका फार चिडतात गं, मला पाहवत नाही. आता राहू दे." ती गेटपाशी स्कूटी हातात धरून बराच वेळ उभी राहिली. "काकू, अजून थोडे दिवस बघितलं असतं," म्हणाली. मी गेटला कडी घातली.

हे पुढच्या थंडीत गेले. दुसरा झटका आला, दवाखान्यात दोन दिवस होते. माणसं खूप आली—वकील, कारकून, बाभुळगावकडचे जुने पक्षकार. प्राचीही आली. माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "काकू, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलं. काही पेशंट नाहीच बोलत. तुम्ही मनाले लावून घेऊ नका." त्या पोरीला वाटत होतं की तिचंच काहीतरी चुकलं. नंतर कळलं, यांच्यानंतर तसा पेशंट घ्यायला ती किती दिवस घाबरायची. मी तेव्हा तिला एक शब्द बोलू शकले असते. मी म्हणाले, "देवाची इच्छा."

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि रश्मी हॉलमध्ये यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. खुर्चीच्या दांड्यावर डोकं ठेवून. लहानपणापासून वडिलांचीच लाडकी. यांनी तिला कधी गप्प बसवलं नाही, उलट म्हणायचे, बोल, माझ्याशी भांड, वकील हो. ती म्हणाली, "आई, एकदा तरी त्यांचा आवाज ऐकायचा होता गं. एखादा शब्द. ते शेवटपर्यंत काहीच नाही बोलले का?"

मी म्हणाले, "नाही गं."

आता ऐका.

उन्हाळ्यातली दुपार होती. प्राचीला थांबवण्याच्या आधीची. नागपूर नको म्हणून मी सांगून टाकलं होतं त्यानंतरची, पाच-सहा दिवसांतली. मंदाताई नुकत्याच उठून घरी गेल्या होत्या. कूलर चालू होता. टीव्हीवर एक विनोदी चित्रपट लागला होता आणि मी स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन तुरीची डाळ पाखडत बसले होते. हॉलमधून आवाज आला.

"बंद."

मी सुपातला हात थांबवला. वाटलं बाहेरून कुणी. पुन्हा आला. "बंद." जड होता, चिकट होता, पण शब्द होता. पुरा. यांचा आवाज होता.

मी उठून दारात गेले. यांनी डावा हात टीव्हीकडे केला होता. माझ्याकडे पाहिलं. चेहरा घामाने निथळत होता. मग तो हात टीव्हीकडून वळवला, बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, तिच्यावर दोनदा थापटलं. ओठ मिटले. उघडले. मानेच्या शिरा ताणल्या. मी पाहत होते. मूकपट पाहून पाहून मला चेहरा वाचता यायला लागला होता, ओठ हलायच्या आधीच मला कळलं होतं काय येणार आहे.

"बोल," हे म्हणाले.

टीव्ही बंद कर. इथे बस. बोल. जन्मभर ज्या माणसाने 'तू मधी बोलू नको' म्हटलं, तो घामाने ओला होऊन मला बोल म्हणत होता. माझ्याशी. मला.

आणि मी काय केलं? रिमोट उचलला आणि पियानोचा आवाज वाढवला.

"काय म्हणता? पाणी हवं का?" मी म्हणाले. अगदी गोड आवाजात. "काही समजलं नाही बाई मला."

आत गेले, ग्लास भरून आणला. यांनी तो हाताने ढकलला. पाणी माझ्या साडीवर सांडलं. यांनी पुन्हा तोंड उघडलं, "बो…", आणि या वेळी ते तिथेच अडकलं. पुढचं अक्षर येईना. हे प्रयत्न करत होते, मी समोर उभी होते. मी फक्त थांबायचं होतं. प्राचीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तेवढंच—थांबा. त्याच्याहून कमी काम जगात कुठलं असेल? मी म्हणाले, "बरं, बरं. हा आवडला नाही ना? दुसरा लावते." आणि लावला.

मला यांची भीती वाटली म्हणून? आज बोल म्हणतात, उद्या पुन्हा गप्प बस म्हणतील म्हणून? असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. त्या क्षणी मला भीती वाटली नव्हती. मला बरं वाटलं होतं. एक माणूस समोर बसून शब्द मागतो आहे, आणि तो द्यायचा की नाही हे माझ्या हातात आहे, याचं मला बरं वाटलं होतं. चव होती त्याला. ती मला आजही आठवते.

संध्याकाळी रश्मीचा फोन आला. रोजच्यासारखं तिने विचारलं, "बाबांची काही प्रोग्रेस?" हे माझ्या समोर होते, हातभर अंतरावर. फोन स्पीकरवर होता. मी यांच्याकडे पाहत पाहत म्हणाले, "नाही गं बाळा. काहीच नाही. पण आनंदात आहेत. चित्रपट पाहतात दिवसभर." ती म्हणाली, "बाबा, आवडतात ना तुम्हाला? पाहा, पाहा हं." यांनी डोळे मिटून घेतले.

आता रश्मीही ते चित्रपट पाहते. मीच तिला सुचवले. तिकडे पुण्यात मुलाला शेजारी बसवते, पलंगवाला लावते आणि त्याला सांगते की हे तुझ्या आजोबांचे आवडते. मंदाताईंनी काढलेला आम्हा दोघांचा फोटो तिने इंटरनेटवर कुठेतरी टाकला, टीव्हीसमोर बसलेले, मी यांना पाटी वाचून दाखवते आहे असा. लोकांनी त्याखाली काय काय लिहिलं. त्यावरूनच हे सुरू झालं—मंडळातलं भाषण, पुरवणीतला फोन, काकू काय पाहू, काकू आजीला काय दाखवू. घरात कुणी लकव्याने पडलेलं असलं की लोक मला आवर्जून विचारतात. मी त्यांनाही सुचवते. अजून सुचवते. टीव्ही बंद ठेवा आणि त्यांच्याशी बोला, असं मी आजवर एकालाही सांगितलेलं नाही.

त्या दुपारनंतर यांनी पुन्हा कधी बोलायचा प्रयत्न केला नाही. निदान मी तसं म्हणत आले. खरं सांगायचं तर, केला असेल तर मला माहीत नाही. कारण त्यानंतर मी यांच्या चेहऱ्याकडे पाहणं सोडून दिलं होतं. आम्ही शेजारी शेजारी बसायचो, आणि मी पडद्याकडे पाहायची.